जित्या पोरीचं तैलचित्र

दादाची भुसावळला बदली झाली तेव्हा आईनं सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारली, "पोरीला हितंच ठेवता येईल का?"

पोरगी म्हणजे दादाची मुलगी, माझी पुतणी. आठ वर्षांची. दादा सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होता, आणि त्याच्याशिवाय स्टेशन चालणार नाही अशी आम्हा घरच्यांची खात्री होती. रेल्वेला तसं वाटलं नाही. जून लागला की भुसावळला हजर व्हा, असा हुकूम आला.

"तिला इथं कशी ठेवणार?" दादा म्हणाला. "आई तिकडं आणि लेक इकडं?"

आई गप्प बसली. ती मूळची अक्कलकोटकडची, माहेर सगळं कानडी बोलणारं. बाजारहाट ती मराठीत करायची, पण राग, माया आणि देव कानडीत. ती गप्प बसली म्हणजे तिला मराठी पुरेनासं झालंय असं आम्ही समजायचो. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "मग एक चांगला फोटो तरी काढून द्या तिचा. भिंतीवर राहू दे."

पोरीला घेऊन स्टुडिओत जायचं काम माझ्याकडे आलं. मी एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो, तिशीला टेकलेला, बिनलग्नाचा. घरातली जी कामं कुणाच्याच खात्यात बसत नसत ती कलेच्या खात्यात जमा व्हायची. स्टुडिओतल्या फोटोग्राफरनं तिला रंगवलेल्या बागेच्या पडद्यापुढं स्टुलावर बसवलं, कापडाखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, "इकडं बघ बाळ" म्हणाला. बाळ टक्क डोळे उघडून बघत होतं. त्यानं बटण दाबलं आणि बाळानं डोळे मिटले. पुन्हा दाबलं, पुन्हा मिटले. मी तिला दटावलं, फोटोग्राफरनं गोळी दिली. तिनं गोळी तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"मास्तर," शेवटी तो घाम पुसत म्हणाला, "हिला झोपेतला फोटो चालत असेल तर सांगा."

मी फोटो घेतला नाही. घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणालो, "फोटोत काय ठेवलंय? यंत्राची कला ती. मी हिचं तैलचित्र काढतो."

हे वाक्य मी ज्या सुरात म्हणालो तो सूर मला अजून आठवतो आणि अजून लाज वाटते. पुण्याला ड्रॉइंग मास्तरकीचा कोर्स केला तेव्हा मी जन्मात एकदाच तैलरंगाला हात लावला होता. मडकं आणि शेजारी तीन लिंबं, असं ते चित्र होतं. परीक्षक माझ्यापुढं येऊन थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बटाटे बरे जमलेत." त्यानंतर मी शाळेच्या फळ्यावर आंबा, पान आणि घागर काढत आलो होतो. माणूस म्हणून जे काही काढलं होतं ते स्नेहसंमेलनाच्या पडद्यावरचे भालदार-चोपदार, तेही पाठमोरे.

वहिनीला वेगळीच शंका आली. "भाऊजी, तैलचित्र म्हणजे ते हार घालून लावतात तेच ना?"

"वहिनी," मी म्हणालो, "युरोपात जिवंत माणसं स्वतः समोर बसून चित्र काढून घेतात."

"आपण युरोपात कुठं राहतो?" वहिनी म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. मी ते मनावर घेतलं नाही. कलावंताला घरात विरोध व्हायचाच, असं मी कुठंतरी वाचलं होतं.

एप्रिलात शाळेला सुट्टी लागली आणि मी ट्रंकेतून रंगांचा डबा काढला. पुण्याहून येताना हौसेनं आणलेल्या नळ्या इतकी वर्षं पडून दगड झाल्या होत्या. झाकणं पकडीनं पिळून काढावी लागली. त्यात एका नळीचं मुंडकंच हातात आलं. कॅनव्हास सोलापुरात कुठं मिळतो ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून जुन्या खिडकीच्या चौकटीवर मांजरपाट ताणून चुका ठोकल्या. कापडाला आधी सरस लावायचा असतो. तो मी बाजारातून आणला आणि चुलीवर शिजत ठेवला.

वास घरभर पसरला तशी आई देवघरातून बाहेर आली. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नसे.

"काय शिजवायलास रे?"

"सरस. चित्राला लागतो."

"कशाचा असतो?"

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. पण शिक्षकी पेशामुळं तोंडातून खरं गेलं. "जनावराच्या कातड्याचा."

पातेलं, पळी आणि मी, तिघंही त्याच क्षणी अंगणात गेलो. पातेलं पुन्हा घरात आलंच नाही. मला आंघोळ करून आत घेतलं. शेवटी शेजारच्या घरातून खळ मागून आणली. ते तेलुगू विणकराचं घर होतं. सुताला ताठरपणा यावा म्हणून ते जी पेज लावायचे ती मी माझ्या कापडाला चोपडली. कापड असं कडक झालं की वाजवलं तर डफासारखं बोलायचं. त्यावर दाराला द्यायच्या सफेद्याचा हात दिला आणि मी तयार झालो.

पुतणी मात्र तयार नव्हती. तिला पुढच्या सोप्यात, दाराच्या उजेडात बसवलं. शाळेतून आणलेल्या फळ्याच्या तिकाटण्यावर कॅनव्हास ठेवला, एक डोळा मिटला, ब्रश हात लांब करून धरला आणि तिच्या डोक्याचं माप घेतलं.

"काका, नेम धरायलास का?"

"बोलायचं नाही. हलायचं नाही."

"किती वेळ?"

"चित्र होईपर्यंत."

"मग मला भुसावळला कसं जायचं?"

शेजारी दिवसभर माग चालू असायचा. त्याची खटखट सुरू झाली की तिचा पाय त्या तालावर हलायचा, पायामागून गुडघा, गुडघ्यामागून मान. माग थांबला की ती थांबायची, पण तेव्हा विणकर जेवायला बसलेला असायचा आणि तिलाही भूक लागलेली असायची.

कपाळाची भानगड वेगळीच होती. मला तिचं कपाळ मोकळं हवं होतं, उजेड नीट पडावा म्हणून. पहिल्या दिवशी वहिनीनं तिला जरीचा फ्रॉक घालून, तोंडाला पावडर थापून आणि ठसठशीत कुंकू लावून पाठवलं. मी कुंकू काढलं. दुसऱ्या दिवशी आईनं तिच्या कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले.

"आई, उजेडाला अडचण होते."

"देवाची अडचण होते का उजेडाला?" आई म्हणाली. "विभूतीशिवाय माझी नात भिंतीवर जाणार नाही."

मी विभूती रंगवली. संपूर्ण चित्रात तेवढेच तीन पट्टे हुबेहूब आले, हे मला आज मान्य करायला हरकत नाही.

बाकीच्याचं काय सांगावं! नाक जरा लांब झालं म्हणून मी हनुवटी खाली घेतली. हनुवटी खाली गेली म्हणून मान लांब केली. मान लांब झाल्यावर खांदे मोठे करणं भाग पडलं. मे उजाडेतो चित्रात चाळिशीची एक घरंदाज बाई बसली होती, तोंड गच्च मिटून, जणू तिला कुणीतरी उधार मागितलं आहे. तोंड मिटलेलं ठेवण्याला कारण होतं. सुट्टी लागल्या लागल्या पोरीचा वरचा पुढचा दात पडला होता, आणि अशी खिंड अजरामर करणं मला कलेच्या दृष्टीनं योग्य वाटेना. पोरीला मात्र त्या खिंडीचा भारी अभिमान होता. जीभ तिथून बाहेर काढून दाखवल्याशिवाय ती कुणाशी बोलत नसे.

"तोंड मीट," मी म्हणायचो.

"मिटलं की दात पडलाय ते कसं कळंल?"

"कळायला नकोय."

"का? खरंच पडलाय की."

आई रोज संध्याकाळी देवाला दिवा लावून झाल्यावर चित्रापुढं येऊन उभी राहायची. बराच वेळ बघायची. मग मला विचारायची, "इकी यार?" म्हणजे, ही कोण? आधी मला वाटलं चेष्टा करते. पण ती खरोखर विचारत होती. एकदा तर तिनं स्वतःच उत्तरही सुचवलं, "होटगीची तुझी आत्या काय रे?"

दादाचे ऑफिसातले मित्र आले, चहा प्यायले, चित्राकडे बघून म्हणाले, "फ्रेम चांगली आहे." ती खिडकीची होती. शेजारच्या विणकरीण बाईंनी कापड कुठलं ते विचारलं. मी प्रत्येकाला समजावून सांगायचो की चित्रकार चेहरा रंगवत नसतो, चेहऱ्यामागचं काहीतरी रंगवत असतो. ते काहीतरी म्हणजे काय, असं कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब.

मग तो रविवार आला. बाहेर ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटावं. दुपारी आमटी-भात खाऊन मी चित्रापुढंच चटईवर आडवा झालो. दोन्ही ब्रश टर्पेंटाइनच्या वाटीत होते, पाटीवर कालवलेले रंग ओले होते. डोळा लागला.

जागा झालो तेव्हा माग थांबला होता आणि पोरगी समोर उकिडवी बसून माझ्याकडे बघत होती. तिच्या हनुवटीवर लाल रंग, कोपरावर पांढरा, फ्रॉकवर दोन्ही.

"काका, रागावणार नाहीस ना?"

मी चित्राकडे बघितलं. त्या घरंदाज बाईचं मिटलेलं तोंड नाहीसं झालं होतं. तिथं एक वाकडं, भलंमोठं, उघडं हसू होतं, एका बाजूनं जास्त वर गेलेलं. आत पांढऱ्या रंगाचे चौकोनी दात आणि मधोमध काळी कुळकुळीत खिंड.

मी ओरडलो, खूप ओरडलो. कोर्सचं नाव घेतलं, इतक्या दिवसांच्या मेहनतीचं नाव घेतलं, युरोपही काढला. ती हनुवटी पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "पण मी आशीच हसते की."

रंग ओला होता. टर्पेंटाइनचा बोळा केला की सगळं निघणार होतं. मी बोळा केलाही. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून आई आली. नेहमीसारखी चित्रापुढं उभी राहिली. मी वाट बघत होतो ती आता काय विचारते त्याची. पण तिनं काही विचारलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती.

"छंद अद," ती म्हणाली. छान आहे. मग पोरीला जवळ ओढून, चित्राकडे बोट दाखवून, तिनं तिला कानडीत असं काहीतरी सांगितलं की दोघी मिळून हसल्या.

मी बोळा टाकून दिला. नंतर पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की मोठेपणा दाखवून मी ते हसू ठेवलं. खरं म्हणजे मला ते पुसायची हिंमत झाली नाही. पुसल्यावर पुन्हा ती होटगीची आत्या माझ्यापुढं बसली असती. उरलेल्या दिवसांत मी त्या हसण्याला शोभेलसं बाकीचं करायची धडपड केली: खांदे उतरवले, मान आखूड केली, नाकाला कात्री लावली. गालसुद्धा थोडे वर घेतले, कारण हसताना ते वर जातात हे मला तिच्या ब्रशनं दाखवून दिलं होतं. दादा-वहिनी सामान बांधत होते तेव्हा चित्र पुरं झालं. खालच्या कोपऱ्यात लफ्फेदार सही केली. माझी एकट्याची.

जून लागला आणि ती तिघं गेली. गाडी हलली तेव्हा पोरगी खिडकीतून ती खिंड दाखवत हात हलवत होती. आईनं घरी आल्यावर चित्र सोप्यात लावायला सांगितलं. भिंतीला आधीच एक खिळा होता, माझ्या वडिलांच्या फोटोशेजारी. मी तिथं ते लावलं. यात काही विचार करण्यासारखं आहे असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आईचा नेम असा होता की सोमवारी भिंतीवरच्या सगळ्या तसबिरींना विभूती लावायची आणि फूल वाहायचं. आधी देव, मग वडील. आता तिनं रांगेत नातीलाही घेतलं. एकीला सोडायचं कसं, असं तिला वाटलं असणार.

श्रावणातल्या एका सोमवारी अक्कलकोटकडची माझी मावशी सिद्धेश्वराच्या दर्शनाला म्हणून सोलापुरात आली. तळ्याकाठच्या देवळातून ती थेट आमच्या घरी आली. मी शाळेत होतो. पुढं जे झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं, पण जुळवून बघितलं तर ते साधारण असं झालं.

मावशी सोप्यात आली, आणि तिला भिंतीवर माझ्या वडिलांच्या शेजारी पोरगी दिसली. कपाळावर विभूती, चौकटीवर ताजी शेवंती, आणि घरात चिडीचूप. ती जागच्या जागी बसली.

"अय्यो शिवा!" ती म्हणाली. "अक्का, कधी गं?"

आईला वाटलं, बदलीचं विचारते. नातीचं नाव निघालं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचंच, तसं ते आलं. "जून लागताना."

"आजारी होती का?"

"नाही गं. चांगली होती. हसत हसत गेली."

मावशीनं तोंडावर हात घेतला. "आणि मला कळवलं नाहीस?"

"कुणाकुणाला कळवायचं? सगळं घाईघाईत झालं."

"तिचे आईबाप कसे आहेत?"

"ते बी तिच्याबरोबरच गेले की," आई डोळे पुसत म्हणाली. "घर कसं खायला उठतंय बघ."

यावर मावशीनं जो हंबरडा फोडला तो पलीकडच्या बोळात ऐकू गेला. आईला बहिणीच्या मायेनं भरून आलं आणि तीही मोकळेपणानं रडली. विणकरीण बाई धावत आल्या. त्यांना तेलुगू येत होतं, मावशीला कानडी. रडणं दोघींना येत होतं. तिघं गेली, एवढं हातवाऱ्यांनी कळलं. बाईंनी माग थांबवला. आमच्या शाळेचा शिपाई त्याच बोळात राहायचा, तो दुपारचं जेवायला घरी आला होता. तो न जेवताच शाळेत परत गेला.

मी सातवीला घागर शिकवत होतो. दारात हेडमास्तर येऊन उभे राहिले. एरवी ते माझ्या तासाला फिरकायचे नाहीत. ड्रॉइंगच्या तासाला गोंधळ असायचाच, तो बघून काय करायचं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, धीर धरा."

"काय झालं सर?"

"घरी जा. इथलं आम्ही बघतो."

घरी एकटी आई होती. सायकलीवर कसा बसलो आठवत नाही. अर्ध्या वाटेत चेन पडली ती तशीच लोंबत ठेवून मी सायकल हातात धरून पळालो. मागं शाळेत प्रार्थनेच्या मैदानावर मुलांना उभं करून शोक पाळला गेला आणि सुट्टी दिली गेली, हे मला नंतर कळलं.

बोळाच्या तोंडाशी आलो तर दाराबाहेर चपलाच चपला. आतून बायकांचं रडणं. पुरुष डोक्याच्या टोप्या काढून भिंतीला टेकून उभे. त्यांनी मला वाट करून दिली. मी सायकल टाकली, पायरीवर बसलो आणि "आई गं!" म्हणून लहान पोरासारखा रडायला लागलो.

"काय झालं रे?" आतून आवाज आला. "का रडायलास?"

दारात आई उभी होती. डोळे लाल, पण उभी होती. मी तिचे पाय धरले. तिनं मला उठवलं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बघ रे, किती माया हाय सगळ्यांची. पोरगी गेली म्हणून गल्ली रडायलीय."

"कुठं गेली?" मी विचारलं.

"भुसावळला की."

आतलं रडणं हळूहळू थांबलं. कुणीतरी कुणाला तरी तेलुगूत काही सांगितलं, कुणीतरी मराठीत विचारलं, "म्हणजे जिती हाय?" मावशी उठून पुढं आली.

"अक्का, तूच म्हणालीस की, हसत हसत गेली!"

"गाडीत बसून गेली गं!"

"आणि ह्ये?" मावशीनं भिंतीकडं बोट केलं. "विभूती लावलीय, फूल वाहिलंय, भावजींच्या शेजारी लावलीय! जित्या पोरीचं तैलचित्र भिंतीला लावतंय का कुणी? कुणी केलं हे?"

बायका, टोप्या हातात धरलेले पुरुष, माझ्यामागून शाळेतून आलेला शिपाई, सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं चित्र एकाच वेळी इतक्या लोकांनी बघण्याचा तो पहिला प्रसंग.

पुढचं मावशीनं हातात घेतलं. मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन तिनं चित्राची दृष्ट काढली, मग पोरगी तिथं नाही म्हणून तिच्या वाटची माझ्यावरून उतरवली. मिरच्यांचा ठसका सगळ्यांना लागला आणि पुन्हा एकदा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं," मावशी खोकत म्हणाली. "तिघंही शंभरी गाठतील बघ." मग आई हसली, आणि सुटका झाल्यासारखी गल्लीही हसली. शेजारून सुतकाच्या घराला देतात तसं पिठलं-भाकरी आलं होतं. ते आम्ही खाणं बरं नव्हे, असं दोघी बहिणींनी ठरवलं. मला फार भूक लागली होती. त्या आत गेल्यावर मी ते परसात उभा राहून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. "मास्तर," ते म्हणाले, "अशी चित्रं पुन्हा काढू नका. मी भाषण केलं हो." मुलांचं मत उलट होतं. अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाल्यामुळं सातवीतली मुलं माझ्या कलेकडं पहिल्यांदाच आशेनं बघायला लागली. पुढचं कुणाचं काढणार सर, असं मला मधल्या सुट्टीत विचारलं गेलं.

दादाला कळायचं ते कळलंच. त्याचं एका ओळीचं कार्ड आलं: चित्र आजच्या आज उतरवणे. आईनं ते उतरवलं, पण आतल्या खोलीत, ज्वारीच्या कणगीवरच्या भिंतीला लावलं. तिथं पाहुणे येत नसत. सकाळी भाकरीचं पीठ काढताना ती त्याच्याशी कानडीत बोलायची. काय बोलायची ते मी विचारलं नाही.

माझी कीर्ती मात्र गेली ती गेलीच, भलत्याच दिशेला. दसऱ्याच्या सुमाराला कापडबाजारातले एक व्यापारी मला शोधत शाळेत आले. त्यांचे वडील वारले होते. एका लग्नातल्या फोटोत, मागच्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआडून त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता.

"तुम्ही असं चित्र काढता म्हणे," ते म्हणाले, "की बघितलं की लगेच रडू येतं."

मी नम्रपणे मान हलवली. ते चित्र मी काढलं. या वेळी समोर बसणारं कुणी नव्हतं, पाय हलवणारं नव्हतं, आणि उरलेला अर्धा चेहरा मला हवा तसा करता आला. घरच्यांनी पाहिलं आणि खरोखर रडले. थोरल्या सूनबाईंनी एवढंच विचारलं की मामंजींची मान इतकी लांब होती का. त्यावर व्यापारी म्हणाले, शेवटी शेवटी झाली होती.

दिवाळीला दादा, वहिनी आणि पोरगी आली. आपण सोलापुरात मेलो होतो हे ऐकून पोरीला इतका आनंद झाला की तिला धरून ठेवणं मुश्कील झालं. आंघोळ झाल्या झाल्या नवा फ्रॉक घालून ती गल्लीतल्या प्रत्येक दारात गेली आणि "मी हाय की, बघा!" म्हणून आली. विणकरीण बाईंनी तिचे दोन्ही गाल धरून ठेवले आणि किती तरी वेळ सोडले नाहीत. येताना तिच्या फ्रॉकच्या ओच्यात मावणार नाही एवढा फराळ होता. वरचा दात आता अर्धा आला होता.

दादा जेवण झाल्यावर पाणी प्यायला आतल्या खोलीत गेला तो बाहेर येईना. मी बघायला गेलो तर तांब्या हातात धरून तो कणगीपुढं उभा होता.

"हे हसू तू काढलंस?" त्यानं विचारलं.

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण पोरगी मागून आलीच. "मी काढलंय. काका झोपला होता."

दादानं तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं. जायच्या दिवशी त्यानं आईला हळूच विचारलं, "हे आम्ही भुसावळला नेऊ का?"

"लावू नका म्हणून कार्ड कुणी पाठवलं होतं?" आई म्हणाली.

"ते भिंतीवरचं. आम्ही कपाटात ठेवू."

"माझी नात कपाटात?" आई म्हणाली. "मिळणार नाही. तुला पाहिजे तर दुसरं काढून घे तुझ्या भावाकडून. तो काय, रिकामाच असतो."

दोघंही माझ्याकडं वळले. मी घसा साफ केला आणि उजेड कुठल्या बाजूनं घ्यावा याचा विचार करायला लागलो.

"मी नाही बसणार," पोरगी म्हणाली आणि चकली खात टांग्यात जाऊन बसली.